दुसरं बटण

माझ्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. दोन भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये गेली. पत्रा दाबणारी प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच खाली यायची, म्हणजे हात बाहेरच राहतात. पण माल जास्त निघावा म्हणून सुपरवायझर एक बटण रबरी पट्टीनं बांधून ठेवायचा. तेव्हा सगळीकडे तीच रीत होती.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. सून चाकणला प्रेस बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्राम लिहिते. त्यातलं मला एवढंच कळलं, की ती दोन बटणं आता हिच्या ताब्यात आहेत.

एका संध्याकाळी ती ताथवड्याच्या घरी आली आणि चप्पल न काढताच बसली. चाचणीत एक हात मध्येच काढला, तरी नवी प्रेस खाली आली होती. हाताच्या जागी खाली ठेवलेल्या लाकडाचे तुकडे झाले होते.

"तुझी चूक हाय का?"

"नाही, बाबा."

"मग संपलं."

"साहेबांना सांगा की हे," ती हसली.

मग तिनं समजावलं. ती लिहिते ते मशीनला थेट कळत नाही. कंपायलर नावाचा प्रोग्राम ते मशीनच्या भाषेत उतरवतो, आणि काम झटपट व्हावं म्हणून फालतू वाटेल ते गाळतो. प्रेस खाली पोचेपर्यंत दुसरं बटण पुन्हा पुन्हा बघ, असं तिनं स्पष्ट लिहिलं होतं. यानं एकदाच बघितलं, बाकीचं गाळलं.

"म्हंजे यानं रबरी पट्टीच बांधली की गं!"

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. "हो बाबा. तेच केलं."

गंमत अशी, की प्रोग्राममध्ये स्क्रीनवर आकडा दाखवायची एक ओळ वाढवली की बिघाड गायब व्हायचा. का, ते कुणालाच सांगता येईना. साहेब म्हणाले, ओळ राहू दे आणि प्रेस ठीक आहे म्हणून सही कर, नाहीतर दुसरं माणूस बघतो. मुलगाही म्हणाला, "अगं, चालतंय ना आता? कर की सही!"

"ती करणार न्हाई," मी म्हणालो. घरात हट्टी मीच, असं मला वाटायचं. ही माझ्या पुढची निघाली.

चूक नेमकी कुठं ते उघडं पडावं म्हणून जेवणाच्या टेबलावर बसून ती प्रोग्राम छाटत गेली. शेवटी मोजक्या ओळी उरल्या, तरी बिघाड तसाच. त्या तिनं कंपायलर बनवणाऱ्यांना पाठवल्या. उत्तर आलं, चूक आमची, दुरुस्त करतो. साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही, पण तिची सही झाल्याशिवाय आता एकही प्रेस बाहेर जात नाही. त्यांचेही आभारच.

खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना बोलावतात. पूजा झाली की मशीन बंद ठेवायचं असतं, म्हणून तिनं मला आधीच प्रेसपुढे उभं केलं.

"दाबा दोन्ही."

दाबली. प्रेस निम्म्यावर आली आणि मी उजवा हात काढला. ती जागेवर थांबली. हार वाहायला उभी असलेली माणसं बघत होती. मी वळलो आणि मशीनच्या आधी सुनेला हात जोडले.

"बाबा, अहो, लोक बघतायत!"

"बघू देत."