सात हाली, सहा कलदार

तुळजापुरात देवळाच्या वाटेवर माझ्या वडिलांचं एक दुकान होतं. दुकान म्हणायचं एवढंच. आत माल काही नाही. एक लाकडी पेटी, एक तराजू आणि वडील. निजामाच्या राज्यात आमच्याकडं हाली रुपया चाले आणि सोलापूरकडच्या यात्रेकरूंच्या कमरेला इंग्रजी कलदार रुपया असे. सहा कलदार द्या, सात हाली घ्या, वडिलांचा बट्टा, म्हणजे बदलून देण्याची कसर, तेवढा सोडा. शंभर कलदारांचे एकशे सोळा हाली, दहा आणे, आठ पै, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. हा सरकारी भाव. बाजाराचं निराळंच असे. नवरात्रात यात्रेकरू लोटले की कलदार जरा उतरे, गर्दी ओसरली की पुन्हा चढे. वडील सांगत, त्यांच्या आजोबांच्या काळी सकाळचा भाव दुपारी राहत नसे.

बट्टा ते कुणालाच सोडत नसत. आईलासुद्धा नाही. आई यात्रेकरूंना पुरणाचा नैवेद्य करून द्यायची. त्याचे मिळालेले कलदार ती दुपारी दुकानात नेई, आणि हा गृहस्थ स्वतःच्या बायकोकडून बट्टा कापून तिच्या हातावर हाली ठेवी. नाणी खुळखुळतात म्हणून ती नोटाच मागून घेई. मला वडिलांचा भयंकर राग यायचा. आईला मात्र सहाचे सात झाल्याचंच कौतुक.

ते सात पुढं कुठं जातात, हे कुणी विचारलं नाही. देव्हाऱ्याखाली लाल खणाचं एक गाठोडं होतं. त्यात आईनं देवीच्या नावानं काहीतरी बांधलंय, एवढंच आम्हाला माहीत. अशी गाठ काम उभं राहीपर्यंत सोडायची नाही, आत काय आहे ते सांगायचं नाही आणि दुसऱ्यानं विचारायचं नाही, ही आमच्या घरची रीत. वडील रोज सकाळी त्या गाठोड्याला हात जोडून दुकानात जात.

मग निजाम गेला, राज्य विलीन झालं आणि काही वर्षांनी हाली बंद होणार अशी दवंडी फिरली. मुदतीच्या आत खजिन्यात हाली भरा आणि बदली पैसे न्या. वडिलांचा धंदाच बुडत होता, पण त्या मुदतीत ते राबले तसे कधी राबले नव्हते. खेडोपाडी पायी फिरून त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना मडक्यातले, धान्याच्या कणगीतले हाली बाहेर काढायला लावले. आमच्या तालुक्यात कुणाचा एक रुपया वाया गेला नाही, असं ते अभिमानानं सांगत. मुदत संपली, पेटी रिकामी झाली, तरी ते दुकानात जाऊन बसत. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

पुढं मला सोलापूरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. आठवड्याभरात फी आणि खानावळीचे पैसे भरायचे होते, नाहीतर जागा दुसरीला जाणार. वडील मान खाली घालून बसले. आई मात्र हसत उठली. तिनं हळदकुंकू वाहिलं, गाठोडं पुढ्यात घेतलं आणि वडिलांना म्हणाली की आता काम उभं राहिलंय. गाठ इतकी घट्ट बसली होती की तिला ती दातानं सोडवावी लागली. आत वाळकं खोबरं होतं, तांदूळ होते आणि हालीच्या नोटा होत्या. थप्प्याच्या थप्प्या, सगळ्या नीट घडीच्या.

मला वडिलांच्या तोंडाकडं बघवेना. त्या नोटा त्यांनीच दिल्या होत्या, स्वतःच्या हातानं, दर वेळी बट्टा कापून. आईनं कलदार तसेच बांधून ठेवले असते तर आज चालले असते. आणि मुदतीच्या त्या दिवसांत, गावोगाव जायच्या आधी, ते रोज सकाळी याच गाठोड्याच्या पाया पडत होते.

"ह्या चालत न्हाईत आता," ते कसंबसं म्हणाले.

आईनं दवंडी ऐकली होती. पण ती बाजारातल्या पैशाची, असं तिनं धरलं होतं. देवीपुढं बांधलेलं कोण बंद करणार? तिनं नोटा त्यांच्यापुढं सरकवल्या.

"मग बट्टा जास्त घ्या की."

पुढं आयुष्यात पुष्कळ काही ऐकलं, पण त्या पाच शब्दांनी बसला तसा धक्का पुन्हा बसला नाही. वडिलांनी नोटा मोजल्या, बदलून आणतो म्हणाले आणि बाहेर पडले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पैसे आणले. साताला सहा, आणि त्यातून बट्टा कापलेला. आईनं हिशेब करून पाहिला, बट्टा नेहमीपेक्षा थोडा जास्त होता, तेव्हा तिचं समाधान झालं. माझंही झालं. खजिन्यात कुणी भला माणूस भेटला असेल, असं मला वाटलं.

जायच्या दिवशी वडील माझी पेटी घेऊन मोटारीपर्यंत आले. वाटेत आमचं दुकान लागलं. आत एक अनोळखी माणूस खुंट्या ठोकत होता आणि ओट्यावर बांगड्यांचे खोके रचलेले होते. माझे पाय जागीच थबकले. वडील थांबले नाहीत.

"आईला आत्ता सांगू नगंस," पुढं बघतच ते म्हणाले.

ज्या बट्ट्यापायी मी त्यांना लहानपणापासून चिक्कू म्हणत आले, तो त्यांनी या वेळीही कापला होता, तिला संशय येऊ नये म्हणून. सोलापूर येईपर्यंत मी रडत होते.

आईला चार दिवसांत कळलंच. तुळजापूर तेव्हा होतं केवढंसं! ती त्यावर कधी एक अक्षर बोलली नाही. पुढं मी नोकरीला लागले आणि पहिला पगार देवीपुढं ठेवायला घरी आणला. आईनं नोटा हातात घेतल्या, पण देव्हाऱ्याकडं गेली नाही. कापडाच्या दुकानातल्या नोकरीवरून वडील नुकतेच येऊन टेकले होते, त्यांच्यापुढं तिनं त्या धरल्या.

"चालतात का, बघा."

वडिलांनी एकेक नोट उजेडात धरून पाहिली. बराच वेळ पाहिली.

"आज चालतात," ते म्हणाले.

मग आईनं त्या देवीपुढं ठेवल्या, कुंकू लावलं आणि लगेच उचलून माझ्या हातात परत दिल्या. गाठ तिनं पुन्हा कधीच बांधली नाही.