तिखटाच्या दिवसाचं मटण

मी डूख धरते. हा काही गुण नाही, पण लपवण्यासारखंही त्यात काही नाही. चांगल्या खाटकापायी मी एक अख्खं वर्ष घालवलं, ते खाण्याच्या हौसेने नव्हे. मला माझ्या थोरल्या जावेचं नाक खाली करायचं होतं.

आम्ही मालवणकडचे. आमच्याकडे गौरीला दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य लागतो, म्हणजे मटण आणि वडे. शेजारी बसलेल्या गणपतीसमोर तेवढ्यापुरता पडदा ओढायचा आणि गौरीला पान वाढायचं. हे सगळं दरवर्षी बोरिवलीला जाऊबाईंकडे व्हायचं, कारण सासूबाई तिथे राहतात. त्या वर्षी त्यांच्या घरात फरश्या उखडल्या होत्या, म्हणून गणपती आणि गौर पहिल्यांदाच घाटकोपरला माझ्या घरी आले. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. मी पडद्याला नवीन कापड आणलं, चार वेळा इस्त्री केली. यापुढे एक वर्ष त्यांच्याकडे, एक वर्ष माझ्याकडे, असं सासूबाईंच्या तोंडून यावं एवढीच माझी इच्छा होती.

आमच्या बाजारात एक खाटीक होता, नेमका आमच्याच तालुक्यातला. गावाचं नाव सांगितल्यावर त्याने हातातला सुरा खाली ठेवला आणि कोणाच्या घरची, कुठल्या वाडीतली, सगळं विचारून घेतलं. "आपल्या माणसाक मी फसवतलंय काय गो ताई?" तो म्हणाला. झालं, मी विरघळले. मी मटण नीट बघितलंसुद्धा नाही. गाववाल्याचं मटण बोट लावून, उलटंपालटं करून बघायचं म्हणजे त्याचा अपमानच, नाही का? मुंबईत आमची माणसं अशीच लुटली जातात, आणि वर चहा पाजून येतात.

म्हातारी बकरी होती ती. कुकरच्या अकरा शिट्ट्या झाल्या तरी फोड तुटेना. वाटण झकास जमलं होतं, रश्श्यावर तवंग आला होता, पण मटण म्हणजे चपलेचा अंगठा. सासूबाईंना दात नाहीत. त्यांनी एक फोड बराच वेळ या गालातून त्या गालात फिरवली, मग ताटाच्या कडेला ठेवली आणि वडा रश्श्यात बुडवून खाल्ला.  जाऊबाईंनी ती फोड बघितली.

"मटणच वाईट निघालं हो वहिनी," मी म्हटलं.

"खाटकाला कशाला नावं ठेवतेस गं? मटण शिजवायला हात लागतो," त्या म्हणाल्या. सगळी पानावर बसलेली असताना म्हणाल्या. "असू दे. पुढच्या वर्षीपासून गौर आमच्याकडेच. माहेरी आलेली बाई ती, तिला उपाशी पाठवून कसं चालेल?"

त्या रात्री भांडी घासताना मी रडले नाही. मी ठरवलं.

पुढचे कित्येक रविवार मी पिशवी घेऊन विक्रोळी, कांजूर, मुलुंड पालथं घातलं. एकाने बाईमाणूस बघून अर्ध्या किलोत पावभर चरबी घातली. दुसऱ्याने दाखवला एक तुकडा आणि तोडला भलताच. शेवटी भांडुपला एका गल्लीत एक म्हातारा सापडला. पहिल्याच दिवशी त्याने मला मटण द्यायला नकार दिला. "आज नको बाई. माल बरोबर नाय आज. मच्छी खावा," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी तिथेच ओळखलं, हाच तो.

पुढच्या रविवारी गेले तर त्याने आधी विचारलं, "खाणारं कोण?"

"म्हणजे?"

"पोरं हायत की म्हातारी माणसं? दात हायत की नाय?"

मी सासूबाईंचं सांगितलं. त्याने आठ-नऊ किलोच्या कोवळ्या बोकडाचा खांदा आणि सीना, म्हणजे छातीचा भाग, काढला, बारीक फोडी केल्या. पांढरी चरबी कशी असते, म्हाताऱ्या जनावराची पिवळी कशी पडते, ते बोटाने दाबून दाखवलं. ते मटण मी बोरिवलीला घेऊन गेले आणि तिथेच शिजवलं. सासूबाईंनी नुसत्या हिरड्यांनी चार फोडी खाल्ल्या. त्यानंतर दर महिन्याला मी त्याच्याकडचं मटण नेत राहिले. जाऊबाई मिटक्या मारत खायच्या. हात लागतो, हे मात्र पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

गौरी जवळ आल्या तसा त्यांचा फोन आला. "मटण तू आण गं तुझ्या भांडुपवाल्याकडून. शिजवीन मी."

"आणते ना वहिनी," मी म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच हसले.

तिखटाच्या दिवशी सकाळी मी भांडुपला गेलेच नाही. वर्षभर ज्याच्या दुकानासमोरून मान न वळवता जात होते, त्या गाववाल्याकडे गेले. "खंय होतंस गो ताई इतके दिस?" तो खूश झाला. मागे टांगलेली बकरी मी या वेळी नीट बघितली. पिवळी चरबी, जाड बरगड्या. "तीच दे," मी म्हटलं, "दोन किलो." त्याला वाटलं, बाई पुन्हा फसली. मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू.

बोरिवलीला कुकर शिट्ट्या मारत राहिला. मी बाहेर बसून मोजत होते. तेराव्या शिट्टीला जाऊबाईंनी झाकण काढलं, पुन्हा लावलं. घामाने त्यांचं कुंकू ओघळलं होतं. नैवेद्याला दुपारचे अडीच वाजले. पडदा ओढला, गौरीला वाढलं, मग पानं मांडली. पहिलाच घास घेतल्यावर दीर म्हणाले, "हे काय झालं?" जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"मटण तर नेहमीचंच आहे," मी म्हटलं. "हात लागतो ना, वहिनी?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी वर्षभर ज्याची वाट बघितली ते हेच. मी आरामात वडा मोडला.

माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. फोड या गालातून त्या गालात फिरत होती. त्यांनी ती हातात काढली आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"ह्यां गेल्या वर्साच्या खाटकाचां मा?"

 जिभेने त्यांना कळलं होतं. खाणारं कोण, हे त्या सकाळी गाववाल्याने विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"मगे तूच खा," त्या म्हणाल्या. "तुजे दात बरे आसत."

त्यांनी आपल्या ताटातली एकेक फोड उचलून माझ्या ताटात ठेवली. सहा होत्या. बघणाऱ्यांना वाटलं असेल, सुनेचे लाड चाललेत. मग त्या माझ्याकडे बघत बसल्या, मी पहिली फोड तोंडात घालेपर्यंत. समोर जाऊबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि मी चावत होते.