सबनीसबाईंचे ‘कशावरून?’

आजोबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा शुक्रवारच्या मराठी वर्गाला गेले, तेव्हा सबनीसबाईंनी मला उभे करून मागच्या गैरहजेरीचे कारण विचारले. मी म्हणाले, ‘‘आजोबा वारले, बाई.’’ बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘कशावरून?’’

‘‘बाबांना साताऱ्याहून फोन आला.’’

‘‘तो तू ऐकलास?’’

‘‘नाही. बाबांनी सांगितलं.’’

‘‘म्हणजे ऐकिवाची ऐकीव. मुलांनो, केतकीचे आजोबा वारले असावेत. ‘वारले’ आणि ‘वारले असावेत’ या दोहोंमध्ये जे अंतर आहे ना, तिथे इतिहास राहतो. बस खाली.’’

वर्ग हसला. शारजात वाढणारी आम्ही सगळीच मुले आजी-आजोबांना फोनवरच्या आवाजाने ओळखणारी होतो. तो आवाज थांबला म्हणजे नेमके काय झाले, हे आम्हाला तरी कुठे कळत होते? उरलेला तास मी एका भयंकर आशेत काढला. आजोबा जिवंत असण्याची शक्यता बाईंनी तत्त्वतः खुली ठेवली होती. घरी पोहोचल्यावर आईच्या चेहऱ्याने ती बंद केली. त्या दिवशी मी बाईंचा जितका द्वेष केला तितका पुढे कुणाचाही केला नाही, आणि तरीही मी विज्ञानाकडे वळले ती त्यांच्यामुळेच. पुरावा आणि इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणत्याही प्रयोगशाळेआधी त्यांनी शिकवले.

बाई मूर्तीने लहान. उकाड्यातही सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये भिंग. एका भारतीय शाळेत त्या इतिहास शिकवत आणि फावल्या वेळी आखातातल्या मराठी घरांच्या वंशावळी तपासत. ‘तपासत’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. इतर लोक वंशावळी जुळवतात. बाई त्या उसवत. शारजातले एक ठेकेदार अजितराव यांच्या घरी गणपतीचे जेवण होते. दिवाणखान्यात तलवार टांगलेली. ‘‘पणजोबांची आहे, बाई. त्यांच्या पणजोबांनी पानिपतावर नेली होती.’’

‘‘कशावरून?’’

‘‘अहो, घराण्यात सगळे सांगतात!’’

‘‘घराणं सगळ्यांनाच असतं, अजितराव. बाप सिद्ध करावा लागतो.’’

‘‘जाऊ द्या ना बाई,’’ वहिनी मध्ये पडल्या, ‘‘यल्ला, चला, पानं वाढलीयेत.’’ पण बाईंनी तोवर तलवार उतरवून घेतली होती. मुठीच्या खाली भिंग धरून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचले आणि म्हणाल्या, ‘‘पानिपतावर जयपूरच्या हस्तकला भांडाराची शाखा होती, हे मला नवीन आहे.’’ पुढच्या गणपतीला त्या भिंतीवर नुसता खिळा होता. मी हे बाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘खिळा खरा आहे. त्याला नमस्कार करावा.’’

निवृत्तीनंतर त्या मुलाच्या व्हिसावर, मुलाच्याच घरी, अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीत राहू लागल्या. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. नातीला त्या मराठीत काही विचारत आणि नात ‘‘आय हॅव होमवर्क, आजी’’ असे म्हणून दार लावून घेई. ‘‘कशावरून?’’ असे बाई बंद दाराला विचारत. मी तेव्हा अल ऐनला मानवी आनुवंशिकतेत संशोधन करत होते. शनिवारी गाडी काढून त्यांच्याकडे जाई. वॉल्टर रेनोले यांना मी तिथेच पहिल्यांदा पाहिले.

ते शेजारच्या व्हिलात मुलीकडे, लॉराकडे राहत. पाण्याच्या प्रकल्पांवर आयुष्य काढलेले अमेरिकन अभियंते, पत्नी नाही, आजार हाडांपर्यंत गेलेला. त्यांना एकच गोष्ट हवी होती. कॅरोलायनातल्या एका लहानशा चर्चच्या आवारात त्यांचे आईवडील पुरलेले होते, आणि त्यांना त्यांच्याशेजारी जायचे होते. ते चर्च ह्यूगेनॉटांचे. ह्यूगेनॉट म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट. राजाने त्यांचा पंथच बेकायदा ठरवल्यावर त्यांतले काही जण समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहतींत गेले. झाक रेनोले नावाचा एक रेशीम विणणारा त्या चर्चच्या संस्थापकांपैकी होता. वॉल्टर यांच्या वडिलांच्या वेळी ‘आम्ही त्याचे वंशज’ एवढे तोंडी सांगणे पुरले होते. आता आवारात मोजक्या जागा उरल्या होत्या, आणि मधली प्रत्येक पिढी सिद्ध केल्याशिवाय त्या कुणाला मिळत नव्हत्या.

‘‘मिसेस सबनीस, तुम्ही कठोर आहात असं ऐकलंय,’’ ते म्हणाले. ‘‘मला कठोरच माणूस हवाय. तुम्ही हो म्हणालात तर चर्चही हो म्हणेल.’’

ते अंगणातल्या झाडाचे खजूर आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून आणत. भांडे रिकामे परत करायचे नाही, म्हणून बाई त्यात बेसनाचे लाडू भरत. हे उत्तर आहे आणि त्याला प्रत्युत्तर द्यायला हवे, असे वॉल्टरना वाटे. ते पुन्हा खजूर आणत. तो डबा हंगामभर दोन घरांत ये-जा करत राहिला. मी बाईंना कुणाची वाट पाहताना पाहिले असेल, तर ते त्या डब्याच्या निमित्ताने.

बाईंनी आजवर मराठी घराणीच तपासली होती. हे त्यांचे पहिले परदेशी काम. इतक्या पिढ्या मागे, तुलनेसाठी खात्रीचा एकही वंशज हाताशी नसताना, माझी जनुकीय चाचणी निरुपयोगी होती, आणि चर्चला कागदच हवे होते. बाईंनी इंटरनेटवरून कर-याद्या, मृत्युपत्रे, जमिनींचे नकाशे मागवले. वॉल्टरपासून मागे जाणारी साखळी आयझॅक डॅनियल रेनोले याच्यापर्यंत निर्विवाद पोहोचली. झाकचा नातू पीटर हा या आयझॅकचा बाप, अशी घरातली समजूत; पण तसे म्हणणारा कागद नव्हता. उलट, त्याच गावात डॅनियल रेनोले नावाचा दुसराच एक माणूस राहत होता, बऱ्याच नंतर आलेला, झाकशी कसलेही नाते नसलेला. वय जुळत होते. जमीन लागून होती. बाईंनी ‘आयझॅक डॅनियल रेनोले’ हे नाव पुन्हा एकदा मोठ्याने वाचले आणि भिंग मिटले. ‘‘बाप नावातच बसलाय,’’ त्या म्हणाल्या. मलाही त्यात काही खटकले नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव: बाईंनी जन्मभर हजेरी अशीच घेतली होती आणि मी तिला अशीच ‘हजर’ म्हणाले होते.

निकाल त्यांनी वॉल्टरना समोर बसवून सांगितला. ‘‘तुम्ही रेनोले आहात. पण त्या रेनोलेंपैकी नाही.’’

ते म्हणाले, ‘‘पण माझे वडील तिथेच आहेत, मॅम.’’

‘‘मग तुमचे वडील चुकीच्या जागी झोपले आहेत.’’

हे वाक्य मी मराठीत मवाळ करू शकले असते. इंग्रजीत ते याहून थंड होते. वॉल्टरनी मान डोलावली आणि आभार मानले. अहवाल त्यांनी स्वतःच चर्चला पाठवला, कारण विचारलेल्या प्रश्नाचे आलेले उत्तर दडवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. चर्चचा नकार सौजन्यपूर्ण होता. निकाल ऐकून जाताना ते डबा बाईंच्या टेबलावर विसरले होते. बाईंनी तो धुऊन ओट्यावर पालथा घातला.

पावसाळा नसलेल्या या देशात ऋतू एसीच्या आवाजावरून कळतात. तो आवाज जरा मंदावू लागला, तेव्हा वॉल्टरना अल ऐनच्या रुग्णालयात हलवले गेले. बाई म्हणाल्या, ‘‘मला ने.’’ मी नेले. लॉरा खाली औषधे आणायला गेली होती. वॉल्टर उशीत बुडालेले. त्यांच्या मनगटावर रुग्णालयाचा पट्टा होता आणि त्यावर पूर्ण नाव: वॉल्टर हेन्री रेनोले. त्यांच्या वडिलांचे नाव जॉर्ज होते. ते मी स्वतः बाईंच्या तक्त्यात लिहिले होते.

मी विचारले, ‘‘हेन्री कोण?’’

ते हसले. ‘‘वडिलांचा मित्र. माझा गॉडफादर, बाप्तिस्म्यात मला हातात घेणारा. आमच्याकडे मधलं नाव गॉडफादरचंच ठेवतात, फार पूर्वीपासून. वडिलांचंही तसंच होतं. तुम्हाला हे ठाऊक असेलच.’’

मी बाईंकडे पाहिले. त्यांचा चेहरा जराही हलला नाही, पण हातातली पर्स त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

‘‘मिसेस सबनीस,’’ वॉल्टर म्हणाले, ‘‘काही नवीन?’’

बाईंनी त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगितले, ‘‘नाही. अजून काही नाही.’’

आम्ही पार्किंगमध्ये आलो. मग मी आयुष्यात पहिल्यांदा बाईंवर ओरडले. ‘‘आत्ता वर जा आणि सांगा! चुकलंय म्हणून सांगा!’’

‘‘काय सांगू? एका माणसाच्या घरात अशी रीत होती, म्हणून त्याच्या कितीतरी पिढ्या आधीचा आयझॅकही तसाच? एक पुरावा म्हणजे अफवा. मला बाप्तिस्म्याची नोंद हवी.’’

‘‘ती येईपर्यंत ते राहणार नाहीत, बाई! शक्यता तरी द्या.’’

‘‘शक्यता?’’ त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘मरणाऱ्या माणसाला शक्यता देतात का, केतकी? एकदा मी त्याचा बाप काढून घेतला. आता परत देऊ, आणि नोंद उलटी आली तर पुन्हा काढून घेऊ?’’

मला वर्गातला तो तास आठवला. आजोबांच्या शक्यतेने माझे काय केले होते, तेही आठवले. मी गाडी सुरू केली. त्या बरोबर आहेत की अमानुष, हे मला ठरवता आले नाही, आणि आजही माझ्याकडे पुरेसा पुरावा नाही. बाईंनी त्याच संध्याकाळी कॅरोलायनाला लिहिले. तिथे नोंदी काढून देणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी कळवले: शोधतो, थोडा धीर धरा.

वॉल्टर गेले. कॅरोलायनात जागा नव्हती, म्हणून लॉराने त्यांना इथेच, शहराबाहेर मुस्लिमेतरांच्या दफनभूमीत पुरले. कुंपणापलीकडे वाळू आणि उंटांचे गोठे. बाई लांब उभ्या राहिल्या. त्यानंतर काही दिवसांनी नोंदीची प्रत आली. आयझॅक डॅनियल, बाप पीटर रेनोले. गॉडफादर, शेजारी डॅनियल रेनोले.

बाईंनी चर्चला दुरुस्त अहवाल पाठवला. मग डबा लाडूंनी भरला आणि मला म्हणाल्या, ‘‘चल.’’ लॉराने दार उघडले. बाईंनी उभ्या उभ्या सगळे सांगितले. ‘‘तुमचे वडील त्याच रेनोलेंपैकी होते. चूक माझी.’’

लॉराने विचारले, ‘‘हे तुम्हाला कधी कळलं?’’

इथे कुणीही खोटे बोलले असते. मी बोलले असते. बाई म्हणाल्या, ‘‘शंका आली ती ते असताना. रुग्णालयात. खात्री झाली ते गेल्यावर.’’

‘‘त्यांनी तुम्हाला विचारलं होतं? त्या दिवशी?’’

‘‘हो.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘नाही म्हणाले.’’

लॉरा रडली नाही की ओरडली नाही. बाईंनी पुढे केलेला डबा तिने त्यांच्या हातातच अलगद मागे ढकलला आणि दार लावून घेतले. भरलेले भांडे परत आले. आम्ही गाडीत बसलो. बाईंनी झाकण उघडून डबा माझ्यापुढे धरला. ‘‘खा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कालचेच आहेत.’’ मी खाल्ला. त्यांनीही एक उचलला आणि घर येईपर्यंत तसाच हातात धरून ठेवला.

‘‘बाई, तुम्हाला कुठे ठाऊक होतं...’’ मी सुरुवात केली.

‘‘सांत्वन नको. ठाऊक असायला हवं होतं. अजितरावांना मी भिंग लावलं, स्वतःच्या हजेरीला लावलं नाही.’’

त्यानंतर बाईंनी कुणाचीही वंशावळ तपासली नाही. मुलाची बदली झाली आणि त्या पुण्याला गेल्या. माझा शोधनिबंध स्वीकारला गेला, हे मी उत्साहाने फोनवर कळवले, तेव्हा त्यांनी माझ्या अभिनंदनाआधी परीक्षकांची पात्रता विचारली.

परवा प्रयोगशाळेत असताना त्यांच्या मुलाचा फोन आला. तो म्हणाला, ‘‘केतकी, आई गेली.’’

माझ्या तोंडून निघून गेले, ‘‘कशावरून?’’

तो म्हणाला, ‘‘मी तिथे होतो. तिचा हात माझ्या हातात होता.’’

प्रत्यक्ष साक्ष, पण एकच. बाईंनी दुसरी मागितली असती. मी मागितली नाही.