ओचांडावहिनीची नाव आणि इंग्रजांशी पैज

आमची ओचांडावहिनी वल्हं हातात घ्यायची, तेव्हा पसाइया बंदरातले भले भले गडी गप्प बसायचे. माझ्या दादाची, माचीनची, ही बायको. दादा परक्या नावांना खडकांतून वाट दाखवायचा. वहिनी, मी आणि शेजारच्या दोघी माणसं या काठावरून त्या काठावर सोडायचो, आमच्या सुकाणूवर ग्रासियामावशी. आमच्याकडे नावा बायकाच वल्हवतात, त्यात नवल ते काय!

नवल वाटलं इंग्रजांना. त्या उन्हाळ्यात पोप, आमचा राजा आणि त्यांचा राजा, सगळ्यांनी मिळून फ्रान्सला चेपायचं ठरवलं होतं. फ्रान्सची हद्द इथून जवळच, म्हणून इंग्रज हजारोंनी आमच्याकडे उतरले आणि आमच्या राजाच्या फौजेची वाट बघत बसले. ती फौज गेली भलतीकडेच, शेजारचं नवारचं राज्य घ्यायला! घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. बियर नाही म्हणून हे रडायचे, आमची सफरचंदाची दारू ढोसून पोट धरून बसायचे, वर आमच्याच कोंबड्या पळवायचे. दोस्त म्हणे!

एका सकाळी त्यांचा लालबुंद कप्तान दुभाष्याला घेऊन धक्क्यावर आला. फौजेचं सामान न्यायला नावा हव्यात म्हणाला, आणि पहिलं बोट आमच्या नावेवर. वहिनी नावेतून उतरेचना.

"पाच घरांची चूल हिच्यावर पेटते. हवी तर ने, पण आधी मला हरवून!"

पैज म्हटलं की आमचा गाव ताटावरून उठून येतो. कप्तान खो-खो हसला आणि हो म्हणाला. त्यांचे चार खलाशी, आम्ही चौघी. बाहेरच्या खडकाला वळसा घालून परत धक्क्याला. आम्ही जिंकलो तर गावातल्या एकाही नावेला हात लावायचा नाही, हरलो तर आमची नाव त्यांची. आणि बंदराचा नियम असा, की परक्या नावेचं सुकाणू इथल्याच माणसानं धरायचं. त्या दिवशी पाळी कुणाची? दादाची!

"काय माचीन, जेवायला घरीच ना आज?" कुणीतरी ओरडलं. धक्का हसून लोटपोट.

वहिनी मात्र कडाडली, "मला जिंकण्याची भीक घातलीस तर बघ!"

"तुला कोण भीक घालतंय? वल्ही सांभाळ," दादा म्हणाला.

शिंग वाजलं आणि सुटलो! खडकापर्यंत आम्ही पुढे होतो. वळसा घेतला, आणि बघते तर काय, दादानं इंग्रजांची नाव दोन खडकांमधल्या चिंचोळ्या फटीतून घातली. तिथून कुणी जात नाही. फटीतून ते बाहेर पडले ते थेट आमच्या पुढे!

"वहिनी, मेला खरंच जिंकायला निघालाय!" मी किंचाळले.

"मग? नवरा कुणाचा आहे?" वहिनी हसत होती! भर शर्यतीत! "ओढा गं, ओढा!"

छाती फुटेस्तोवर ओढलं. धक्क्याजवळ त्यांना गाठलं आणि हातभर आधी नाव टेकवली. टोप्या उडाल्या, मावशी तर रडायलाच लागली.

तेवढ्यात कप्तान गरजला. दुभाष्यानं मान खाली घालून सांगितलं, "म्हणतात, सुकाणूवाला बायकोला फितूर झाला."

दादाचा चेहरा पांढराफटक. ज्याच्या शब्दावर परकी गलबतं आत येतात, त्याला भर धक्क्यावर चोर म्हटलं होतं.

वहिनी उठली. "असं? मग ही जीत नको मला. पुन्हा लावा शर्यत, आत्ताच्या आत्ता. नाव पुन्हा पैजेवर. आणि सुकाणूवर हाच बसेल!"

 पण ते चार खलाशीच आधी ओरडले. एकानं वल्हं फेकलं, छातीवर क्रुसाची खूण केली आणि कप्तानाला दोन बोटं दाखवली: खडक आणि नाव यांत एवढंच अंतर होतं. दुभाष्या सांगत होता, हा माणूस फितूर नाही, वेडा आहे, ह्याच्याबरोबर पुन्हा बसणार नाही! गाव असा हसला की कप्तान आणखीच लाल झाला आणि नावांचा नाद सोडून निघून गेला.

गर्दी पांगल्यावर दादा वहिनीजवळ येऊन बसला.

"खरंच पुन्हा लावली असतीस?"

तिनं मुठी उघडल्या. दोन्ही तळव्यांवर कातडी उरली नव्हती.

"अगं, हरली असतीस की!"

"हो," वहिनी म्हणाली, "हरलेच असते."