नंदुरबारच्या फलाटावरची तोंडी परीक्षा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मला विषमज्वर झाला आणि वडिलांनी मला पुण्याहून तळोद्याला घरी आणलं. दोन महिने कॉलेज बुडालं. आता प्राध्यापकांनी माझ्या अभ्यासाचा चांगला अहवाल दिला, तरच टर्म मंजूर होणार होती. मी त्या टर्मचे चारही निबंध पोस्टाने पाठवले. त्यांचं उत्तर आलं, ‘जळगावचं व्याख्यान आटोपून मी सुरतेला जाणार आहे. नंदुरबारला गाडी थांबते, तेवढ्यात भेटा.’

पत्र वाचलं आणि मला चौथा निबंध आठवला. तीन निबंध माझे होते. चौथा, अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारावरचा, तापातून उठल्या उठल्या लिहिलेला. तो तोकडा वाटला म्हणून एका इंग्रजी पुस्तकातली दोन पानं मी त्यात जशीच्या तशी उतरवली होती. हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. बैलगाडीतून तापी उतरताना मला तेच तेच मुद्दे पुटपुटताना ऐकून ते अहिराणीत म्हणाले, “तुले सर्व येस ना? मंग कसाले घाबरी ऱ्हायनी?”



नंदुरबारच्या फलाटावर गाडी आली. प्राध्यापक खिडकीशीच बसले होते, मांडीवर माझे कागद. नमस्कार करताना माझा पदर दोनदा खांद्यावरून सरकला.

“बाजार तुम्ही स्वतः पाहिलेला दिसतो,” ते म्हणाले. “मिठाच्या बदल्यात चारोळी देणाऱ्या बाया. हे छान आहे. पण या पानावर जो सिद्धांत मांडलाय, तो जरा समजावून सांगा.”

तेच पान. डब्यातले लोक माझ्याकडे बघत होते. मी एक वाक्य सुरू केलं, ते अर्ध्यावरच तुटलं.

वडील शाळेतली मराठी आठवून पुढे झाले. “पोर फार आजारी होती, साहेब.”

“मी त्यांना विचारतोय,” प्राध्यापक शांतपणे म्हणाले.

शिटी झाली. मी म्हणाले, “ती दोन पानं माझी नाहीत, सर. पुस्तकातून उतरवलीत.”

त्यांनी कागदांची घडी घातली. गाडी हलली.

परतीच्या वाटेवर वडिलांनी तापीवर बैलांना पाणी पाजलं. मग म्हणाले, “मी दवाईना एक थेंब बी अंदाजे देत नही. आन तू?” त्यांचा आवाज रडवेला झाला, तेव्हा मला फलाटावर वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

पुढचे पंधरा दिवस पोस्टमनची चाहूल लागली की मी माजघरात जाऊन बसत असे. अखेर पत्र आलं. प्रगती असमाधानकारक, टर्म नामंजूर. खाली त्यांनी हाताने लिहिलं होतं, ‘जूनमध्ये परत या. बाजाराचा निबंध पुन्हा लिहा, फक्त तुमच्या डोळ्यांनी पाहिलेला.’

मी पत्र वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

चैत्रात चारोळी बाजारात आली, तेव्हा त्यांनी दवाखान्यातून एका दिवसाची रजा काढली. अक्कलकुव्याला पाटी घेऊन बसलेल्या एका बाईशी ते भिलीत बोलू लागले. रोग्यांकडून शिकलेली ती भाषा मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. ते मला मराठीत सांगत गेले आणि मी लिहून घेत गेले.