कप्पी कुणाकडे आहे?

सालवडच्या आमच्या चाळीमागे पत्र्याची एक शेड होती. कारखान्यात राबणाऱ्या पुरुषांनी वर्गणी काढून तिथे सामाईक हत्यारं ठेवली होती: ड्रिल, पाइपपाना, वाईस आणि सगळ्यांची लाडकी, जड वस्तू उचलायची साखळीची कप्पी. लागेल त्याने न्यावं, वापरावं. पण परत आणून ठेवायची पद्धत नव्हती. हत्यार शेवटच्या माणसाकडेच राहायचं. पुढच्याने विचारत विचारत जायचं आणि तिथून उचलायचं. म्हणून शेड बहुतेक वेळा रिकामीच. मी ह्यांना चिडवायचे, "अहो, तुमचं हे देऊळ बरंय, देव कायम गावाला गेलेला!" हे हसायचे. म्हणायचे, "सापडतं गं, आजवर काही हरवलंय का?"

त्या उन्हाळ्यात मुरब्याहून माझा थोरला भाऊ आला. होडीच्या तळाची फळी सडली होती, नेमकी इंजिनाखाली. इंजिन उचलल्याशिवाय ती बसवता येईना. ह्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "दादा, तुम्ही तळ खोला, कप्पी मी आणतो." दादाने विश्वासाने तळ खोलला. होडी खाडीच्या काठावर, रोजचं पाणी पोचत नाही अशा जागी होती. पण पुनवेच्या उधाणाला तिथं पाणी चढतं, आणि तळ उघडा असताना होडी हलवता येत नव्हती.

आणि कप्पी सापडेना! एकाने दुसऱ्याला दिलेली, दुसऱ्याने तिसऱ्याला. बोलाचाच भात, बोलाचीच कढी. ह्यांच्या कारखान्यात कप्प्या ढीगभर, पण गेटबाहेर एक नट जाऊ देतील तर शपथ. पालघरच्या भाड्याच्या दुकानातली आधीच कुणी नेलेली. मुरब्यात गावकऱ्यांनी बांबूचा तिकाटणा करून दोराने इंजिन ओढून बघितलं, तर होडीच करकरायला लागली. वहिनीने तर देवाला बोल लावायला सुरुवात केली होती.

पुनवेच्या आदल्या दिवशी पत्ता लागला. चाळीत बिगारीला येणाऱ्या एका माणसाने कप्पी डोंगराकडच्या आपल्या पाड्यावर नेली होती. दादा, हे आणि मी धावतपळत गेलो. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

पाड्याची एकुलती विहीर ढासळली होती. कप्पी तिच्यावरच टांगलेली. साखळीला एक भलाथोरला दगड लोंबकळत होता, खाली दोन माणसं चिखलात उभी. अजून निम्मे दगड आतच होते. बायका रिकामे हंडे घेऊन उन्हात बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

आम्ही का आलो ते ह्यांनी चाचरत सांगितलं. पाड्यावरच्या म्हाताऱ्याने साखळीवरचा हात काढला. मग म्हणाला, "न्या तुमी. तुमची बी अडचण हाय."

मेल्याने नाही म्हटलं असतं तर भांडले तरी असते!

दादा विहिरीत डोकावला. खालची माणसं वर बघत होती. "राहू दे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला, "चल, बाय." परतीच्या वाटेवर मी ह्यांना, त्या शेडला, त्या दगडांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. एकही शिवी नीट लागू पडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी उधाण चढलं. गावातले सगळे होडीला दोर बांधून उभे होते. दादा छातीभर पाण्यात कठड्याला धरून होता. उघड्या तळातून पाणी बिनबोभाट आत आलं. लाटांनी होडी हेलकावली, इंजिन एका अंगाला कललं आणि होडीचा मधला वासा, तिचा कणाच, मोडला तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. "सोड रं, सोड!" लोक ओरडत होते. तो सोडेना. शेवटी चौघांनी त्याला ओढून काढलं. मी काठावर नुसती उभी होते, हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाड्यावरची दोन माणसं मुरब्याला आली. कप्पी काठीला अडकवून खांद्यावरून आणलेली. अंगावरचा विहिरीचा चिखलसुद्धा धुतला नव्हता. दादा अंगणात बसला होता. त्याच्यापुढे त्यांनी ती हळूच ठेवली.

"आमचं पानी लागलं," त्यातला एक म्हणाला. "आमी थांबतो इंजिन उचलायला. कुठनं धरायचं सांगा."