खुरामान खालाचा कानोसा

भिंतींना कान असतात म्हणतात. लढाईत गाव सुटल्यावर सुमगायित शहरातल्या ज्या वसतिगृहात खुरामान खालानं निर्वासित म्हणून निम्मं आयुष्य काढलं, तिथं भिंती नावालाच होत्या, बाकी सगळे कानच. प्लायवूडच्या पलीकडे कुणी कूस बदलली तरी खालाला कळायचं, आणि खालाला कळलं की सगळ्या मजल्याला कळायचं.

नवरोजाच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाआधीच्या शेवटच्या मंगळवारी तर तिची चंगळ असे. त्या संध्याकाळी मनात प्रश्न धरायचा, पायाखाली किल्ली ठेवायची आणि दुसऱ्याच्या दाराशी कानोसा घ्यायचा. पहिलं जे कानावर पडेल तो कौल. म्हणून त्या दिवशी घरोघर चांगलंच बोलतात. खालाला तेव्हा दारापर्यंत जायचीही गरज नव्हती. खाटेवर बसून उजव्या भिंतीचा कौल ऐकायचा, नाही पटला तर डाव्या भिंतीचा घ्यायचा.

आता ती आपल्या गावी, सारीबुलागला परतली होती. जुन्या घराचं एक तुतीचं झाड तेवढं उरलं होतं. त्याच्याशेजारी सरकारनं नवं घर बांधून दिलं. घर देखणं, पण भिंती जाडजूड आणि खिडक्या दुहेरी काचेच्या. शेजारी घरात आहेत की नाहीत हे धुराड्याकडे बघून ठरवावं लागे. "घर कसलं, कानातला बोळा आहे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी.

यंदा मुलगा एल्देनिझ आणि सून मेहपारा सणाला आले होते. सण झाल्यावर परत जाणार की इथंच राहणार, ते काही कळेना. विचारलं की एल्देनिझ "बघू, आई" म्हणे आणि चहाच्या समोवारात कोळसे घालायला उठे. त्या मुक्या घरात आणखी एक हिवाळा एकटीनं काढायची खालाची तयारी नव्हती.

मंगळवारी रिवाजाप्रमाणे अंगणातल्या जाळावरून उड्या मारून झाल्या. गुडघे धरत खालानंही एक मारली, आणि किल्ली घेऊन ती निघाली.

पहिलं दार हिदायत मास्तरांचं. त्यांनी तिला खिडकीतून येताना पाहिलं असावं, कारण ती दाराशी पोचताच आतून वर्गात शिकवल्यासारखा आवाज आला, की या वर्षी सगळ्यांच्या मनासारखं होणार. मागोमाग त्यांच्या बायकोचं "आमीन". पलीकडच्या बसड्रायव्हरच्या दारीही शब्दाला शब्द तेच. मास्तरांनी फोन फिरवला होता. हा कौल नव्हे, पाठांतर आहे, असं पुटपुटत खाला घराकडे वळली.

स्वयंपाकघराची खिडकी पुलावाच्या वाफेसाठी किलकिली ठेवली होती. खालानं तिथं पायाखाली किल्ली सरकवली. एल्देनिझला तिच्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक दिसलं आणि तो थेट मास्तरांच्या आवाजात म्हणाला, "मेहपारा, आपण आता कायमचे इथंच राहणार."

खालाला रडूच आलं. पोटचा पोरगा, तोही पढवलेला. ती किल्ली उचलायला वाकली.

"राहायचं तर तुतीकडची खोली माझी," मेहपारा पातेल्यात डाव फिरवत म्हणाली. तिची खिडकीकडे पाठ होती. "आईंच्या शेजारी मी झोपणार नाही. घोरतात अशा, की सरकारी भिंतसुद्धा हलते. आणि मीठ मी घालणार. त्यांच्या हातचं खारट सणापुरतं ठीक आहे, जन्मभर कोण खाईल?"

"हळू बोल. आज वाईट बोलू नये."

"मग उद्या बोलते. पण खोलीचं आजच ठरव."

खाला वाकलेली तशीच थांबली. तोंड भरून गोड काय, पाहुणाही बोलतो. मिठावरून भांडतं ते राहणारं माणूस. पढवलेलं मोजायचंच नाही, तेव्हा पहिला कौल हाच, असं तिनं ठरवून टाकलं आणि तोंड शक्य तितकं आंबट करून ती आत गेली.

"तुतीकडची खोली घे," ती सुनेला म्हणाली. "मीठ मात्र मीच घालणार."